आईबाबांच्या कार्डाचा हट्ट सोडा

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या मराठी घरांत आईबाबा येऊन पोचतात, आणि ते पोचले की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास निघतो. यांचं स्टेट आयडी काढता येईल का? एडिसनमध्ये निघतो, फ्रीमाँटमध्ये निघतो, डॅलसशेजारच्या आयर्विंगमध्ये निघतो. मुलगा विचारतो, सून विचारते, कधी बाबा स्वतःच विचारतात, कारण रोज बागेत भेटणाऱ्या आजोबांच्या खिशात तसलं कार्ड त्यांनी पाहिलेलं असतं.

माझं उत्तर सरळ आहे. काही राज्यांत निघतं, काही राज्यांत निघत नाही, आणि जिथे निघतं तिथेही व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसानं ते काढायला जाऊ नये.

हे ठासून सांगायची वेळ आली आहे, कारण या बाबतीत फुकटचे सल्ले फार झाले. ‘आमच्या सासऱ्यांचं निघालं, तुमचंही निघेल’ हा सल्ला देणाऱ्याला ते कुठल्या राज्यात निघालं, कुठल्या साली निघालं, अर्जावर कशाकशाखाली सही केली, यातलं काही आठवत नसतं. सल्ला मात्र ठणठणीत असतो.

आधी कार्ड हवंसं का वाटतं ते बघू. गरज खोटी नाही. सत्तरीच्या पांढऱ्या केसांच्या माणसाला बिअर घेताना वयाचा पुरावा मागतात. नाक चोंदल्यावर घ्यायच्या काही गोळ्या फार्मसीत काउंटरच्या मागे ठेवलेल्या असतात आणि फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय हातात पडत नाहीत. लायब्ररीत, दवाखान्यात, पार्सल घ्यायला गेल्यावर तेच. आणि आईबाबांकडे ओळख पटवायला एकच वस्तू असते, निळा भारतीय पासपोर्ट. तो मुलानं घरी कपाटात कुलूपबंद ठेवलेला. बाहेर नेला आणि हरवला तर? त्यातच व्हिसा आहे. ही धास्ती खरी आहे आणि तिच्यावर हसण्यासारखं काही नाही.

आता गल्ल्यावर काय होतं ते बघा. एका दुकानात माझ्यासमोर घडलेली गोष्ट. काकांनी पासपोर्ट काढून दिला. गल्ल्यावरच्या मुलीनं तो उलटा करून मागची बाजू पाहिली. मग शेवटचं पान उघडलं. तिथे आईवडिलांची आणि पत्नीची नावं, खाली कोथरूडचा पत्ता. तिनं स्कॅनर त्या पानावरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मान हलवली. ‘स्टेट आयडी?’ काकांनी फोटोच्या पानावर बोट ठेवून जन्मतारीख दाखवली. इंग्रजीत, आकड्यांत, स्वच्छ छापलेली. तिनं पुन्हा मान हलवली. काकांनी बाटली काउंटरवरच ठेवली आणि मुकाट्यानं बाहेर आले. घरी परतताना गाडीत कोणी काही बोललं नाही.

त्या मुलीला काका नको होते असं नाही. तिच्या यंत्राला बारकोड हवा होता. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याच्या लायसनवर आणि आयडीवर मागच्या बाजूला एक जाडसर, ठिपक्या-रेघांचा चौकोनी बारकोड असतो. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख भरलेली असते आणि दुकानाचं यंत्र ती एका फटक्यात वाचतं. पासपोर्टावर हा बारकोड नसतो. पासपोर्टाची माहिती फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळींत असते, प्रत्येक ओळीत 44 अक्षरं, आणि ती वाचायला विमानतळावरचं यंत्र लागतं. दुकानाच्या बहुतेक यंत्रांत जन्मतारीख हातानं भरायची सोय असते, पण ती कुठे आहे हे गल्ल्यावरच्या माणसाला कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणजे अडवलं कोणी? कायद्यानं नाही. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याच्या दारूविक्रीच्या कायद्यात वयाचा पुरावा म्हणून परदेशी पासपोर्टाचा स्पष्ट उल्लेख आहे. बँकांच्या संघीय नियमांत परदेशी माणसाच्या ओळखीसाठी पासपोर्ट नंबर आणि तो देणाऱ्या देशाचं नाव चालतं. विमानतळावर देशांतर्गत विमानात बसायला परदेशी पासपोर्ट चालतो. 7 मे 2025 पासून रिअल आयडीची सक्ती सुरू झाली, तेव्हा मराठी घरांतून घबराट उडाली होती, की आता आईबाबांना शिकागोहून सान होजेला कसं न्यायचं. अहो, पासपोर्ट दाखवून न्यायचं. सक्तीच्या आधी जसं नेत होतात तसंच. ती सक्ती राज्यांनी दिलेल्या कार्डांच्या दर्जाबद्दल आहे. पासपोर्टवाल्या पाहुण्याचा तिच्याशी संबंध नाही.

त्यामुळे दुकानात पासपोर्ट नाकारला तर स्टेट आयडी देणाऱ्या डीएमव्ही ऑफिसकडे पळू नका. मॅनेजरला बोलवा. शांतपणे सांगा, हे सरकारी फोटो ओळखपत्र आहे, तारीख हातानं टाका. तरीही नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. खासगी दुकानदाराच्या आळसावर उतारा म्हणून सरकारी कागदावर सही करायची, हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

कसा, ते सांगतो.

स्टेट आयडी म्हणजे गाडी न चालवणाऱ्यांचं लायसन. ते देणारं ऑफिसही तेच. कुठे त्याला डीएमव्ही म्हणतात, न्यू जर्सीत मोटर व्हेइकल कमिशन, टेक्ससमध्ये डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट. पन्नास राज्यं, पन्नास कारभार. पण 2005 मध्ये वॉशिंग्टननं रिअल आयडी कायदा केला आणि या पन्नास कारभारांवर एक चौकट बसवली. त्या चौकटीत परदेशी पाहुण्याला दार बंद नाही, हे मान्य करायला हवं. कायदेशीर, मुदतीतला व्हिसा किंवा तसा दर्जा असलेल्या परदेशी माणसाला राज्य तात्पुरतं कार्ड देऊ शकतं. मात्र त्याची मुदत त्या माणसाच्या मुक्कामाच्या परवानगीइतकीच. परवानगी सहसा सहा महिन्यांची, म्हणजे कार्डही फार तर तितकंच. त्यात अर्ज, पडताळणी आणि टपाल यांत आठवडे जाणार. मुक्कामाचे पुरेसे दिवस शिल्लक नसतील तर काही राज्यं अर्जच घेत नाहीत. एवढ्या धावपळीनंतर हातात पडतं काय? मर्यादित मुदतीचा शिक्का असलेलं, परतीच्या विमानाच्या आसपास संपणारं प्लास्टिक.

आणि कागदपत्रं. पासपोर्ट, त्यावरचा व्हिसा, आय-94 म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद. ही तिन्ही आईबाबांकडे असतात. मग सोशल सिक्युरिटी नंबर. तो पाहुण्याला मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन ‘यांना नंबर देता येत नाही’ असं पत्र आणावं लागतं. नकाराचं पत्र मिळवण्यासाठी अर्ज करायचा, रांगेत बसायचं, गुडघे दुखणाऱ्या आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसवायचं. कशासाठी? सर्दीच्या गोळीसाठी?

यानंतर येतो तो कागद, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे. राहण्याच्या पत्त्याचे दोन पुरावे, अर्जदाराच्या नावाचे.

आईच्या नावावर अमेरिकेत काय असतं? काही नसतं. घर मुलाच्या नावावर, विजेचं बिल सुनेच्या नावावर. मग उद्योग सुरू होतो. फोनच्या बिलावर बाबांचं नाव चढवा. बँकेत जॉइंट खातं उघडा. अपार्टमेंटच्या लीजवर ‘ऑक्युपंट’ म्हणून नाव घाला. काही राज्यांत मुलानं ‘हे माझ्याकडे राहतात’ असं लिहून दिलं तरी चालतं. घरबसल्या आठ दिवसांत आई त्या राज्याची रहिवासी होते, आणि रहिवासी आहे असं लिहिलेल्या अर्जाखाली सही करते.

हीच बाई तीन-चार महिन्यांपूर्वी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे उभी होती. तिथे तिनं काय सांगितलं? माझं घर पुण्यात आहे, यांची पेन्शन तिथे आहे, धाकटी मुलगी तिथे आहे, नातवाला भेटून परत येणार. हे सांगावंच लागतं, कारण व्हिजिटर व्हिसाची कायद्यातली अटच ती आहे: परदेशात घर असलं पाहिजे आणि ते सोडायचा इरादा नसला पाहिजे. अधिकाऱ्यानं विश्वास ठेवला, शिक्का मारला. आता त्याच देशात दुसऱ्या खिडकीवर ती सही करून सांगतेय की मी इथली रहिवासी आहे.

दोन खिडक्या, दोन वेगळी उत्तरं. या सहीनं व्हिसा त्या क्षणी रद्द होतो असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पाकीट उघडायला सांगितलं आणि त्यातून न्यू जर्सीचं आयडी निघालं, तर तो विचारणार. ‘तुम्ही इथे राहता का?’ आई घाबरून मुलाकडे बघणार, आणि मुलगा काचेच्या पलीकडे. त्या प्रश्नाचं सरळ उत्तर तिच्याकडे उरलेलंच नाही. तिला या पेचात कोणी टाकलं? तिच्यावर जीव असलेल्या माणसांनीच.

राज्यांच्या या कडकपणामागचा इतिहास आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यातल्या 19 जणांपैकी एक सोडून बाकी सगळ्यांनी अमेरिकेतलं काही ना काही ओळखपत्र मिळवलं होतं, काहींनी लबाडीनं. हे चौकशी आयोगानं लिहून ठेवलं आहे. व्हर्जिनिया राज्यात त्यांच्यातल्या काहींनी खोटे रहिवासी दाखले जोडून आयडी काढली होती. दाखल्यावर सही करणारी माणसं पैसे देऊन उभी केलेली. रिअल आयडीचा जन्म त्या अनुभवातून झाला. तेव्हापासून पत्त्याचा पुरावा हा त्या देशात अत्यंत नाजूक विषय आहे. राज्य आता अर्जदाराची माहिती ‘सेव्ह’ नावाच्या संघीय पडताळणी यंत्रणेत घालून बघतं, आणि तिथे तुमचा दर्जा व्हिजिटर म्हणून लख्ख दिसतो. तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी तक्रार कुणी केली तर मला ती काही अंशी पटते. साठ-सत्तर वर्षांच्या मास्तरीणबाईंकडे संशयानं बघण्यात काही शहाणपण नाही. पण म्हणून आपणच संन्याशाला चोराच्या वाटेनं पाठवायचं? बनवलेला पुरावा बनवलेलाच असतो, बनवणारा कितीही सज्जन असो.

पत्त्याची गोष्ट इथे संपते. याहून मोठा खड्डा पुढे आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊकच नाही.

1993 साली अमेरिकेत मतदार नोंदणीचा एक कायदा झाला. लोक त्याला ‘मोटर व्होटर’ म्हणतात. लायसन किंवा आयडी काढायला आलेल्या माणसाला त्याच खिडकीवर मतदार म्हणून नोंद करायची संधी द्यायची, असा तो कायदा. नागरिकांसाठी उत्तम कायदा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण याचा अर्थ असा की आयडीच्या अर्जात, किंवा समोरच्या पडद्यावर, एक प्रश्न येतो: मतदार म्हणून नोंद करायची आहे का? आणि शेजारी: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?

आता प्रत्यक्ष खिडकीवर काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. रांग मोठी आहे. खिडकीतली बाई भराभर बोलतेय. आईला तिचं इंग्रजी निम्मं कळतंय. मुलगा फोनवर ऑफिसचा कॉल घेत जरा बाजूला झालाय. पडद्यावर एकामागून एक प्रश्न, खाली ‘येस’ आणि ‘नो’. नाव बरोबर? येस. पत्ता बरोबर? येस. जन्मतारीख? येस. अवयवदान? आई विचारात पडते, मग येस. पुढचा प्रश्न. येस.

संपलं.

1996 च्या इमिग्रेशन कायद्यानुसार, अमेरिकेचे नागरिक असल्याचा खोटा दावा केला तर परदेशी माणसाला त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. पाच वर्षं नाही, दहा वर्षं नाही, कायमचं. ग्रीन कार्डाच्या वाटेवर या चुकीला माफीची सोय जवळपास नाही. कायद्यात एक लहानशी पळवाट आहे, पण ती लहानपणापासून तिथे वाढलेल्या, आईवडील नागरिक असलेल्या मुलांसाठी. पुण्याहून आलेल्या आईला तिचा उपयोग नाही. मतदान केलंच नाही, नुसती नोंद झाली, हे म्हणणंही पुरेसं ठरेलच असं नाही, कारण त्या नोंदीच्या अर्जातच नागरिकत्वाची कबुली असते.

यंत्रणा चुकत नाही असंही समजू नका. कॅलिफोर्नियानं 2018 मध्ये डीएमव्हीमार्फत आपोआप मतदार नोंदणी सुरू केली आणि त्याच वर्षी कबूल करावं लागलं की सुमारे 1500 लोकांची चुकून नोंद झाली असावी. त्यांत नागरिक नसलेलेही होते. चूक ऑफिसची. निस्तरायची कुणी? ज्याचं नाव यादीत गेलं त्यानं.

आणि इथे मला मुलांना थेट बोलायचं आहे. तुम्ही आज ग्रीन कार्डावर असाल, उद्या नागरिक व्हाल. 21 वर्षांवरच्या नागरिक मुलाला आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला वर्षाचा कोटा नाही, म्हणजे भावाबहिणींच्या अर्जासारखं दीड-दोन दशकं ताटकळावं लागत नाही. बाबा गेल्यावर आई पुण्यात एकटी राहणार नाही, तिला जवळ आणू, असं तुम्ही मनात धरलेलं असतं. ते दार तुम्ही एका पडद्यावरच्या एका बटणावर टांगणीला लावताय. बिअरच्या बाटलीसाठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर आयडी काढा की! तेव्हा पत्ता खरा असेल, राहण्याचा इरादा खरा असेल, सहीही खरी असेल. मतदानाच्या प्रश्नाला तेव्हाही ‘नो’च म्हणायचं आहे, हे मात्र आईला घरीच दहा वेळा पढवून न्या.

काही जण म्हणतील, सगळी राज्यं सारखी नाहीत. बरोबर आहे. इलिनॉयमध्ये तर कित्येक वर्षं ‘टेंपररी व्हिजिटर’ लायसनच होतं, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या परदेशी लोकांसाठी. त्या लायसनवर समोरच छापलेलं असायचं की हे ओळखीसाठी ग्राह्य नाही. ज्या कामासाठी आपले लोक कार्ड मागतात, नेमकं त्याच कामाला नकार, कार्डाच्याच तोंडावर. 1 जुलै 2024 पासून तो प्रकार बंद झाला. न्यू यॉर्कनं 2019 मध्ये कायदा करून साध्या लायसनसाठी इमिग्रेशनचा दर्जा विचारणंच थांबवलं. ते कायदे तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या, काम करणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या लोकांसाठी झाले आणि त्या लोकांना त्यांची फार गरज होती. आपले आईबाबा त्या लोकांत बसत नाहीत. न्यू यॉर्क शहराचं स्वतःचं कार्ड आहे, 2015 पासून. दर्जा विचारत नाही, म्युझियमच्या सवलती देतं. पण तेही शहरात राहणाऱ्यांचं. फिरून-फिरून भोपळे चौकात: कुठलंही कार्ड घ्या, ते विचारतं, तुम्ही इथे राहता का. आणि व्हिजिटरचं खरं उत्तर एकच आहे.

गाडी चालवण्याचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अठरा वर्षांवरच्या पाहुण्याला मायदेशाच्या वैध लायसनवर गाडी चालवता येते. इतरत्र नियम वेगळे, ते जाण्याआधी त्या-त्या राज्याचे बघावेत. सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असावं, ते आपल्याकडचं आरटीओ देतं, एक वर्षाचं. इंटरनेटवर घरबसल्या असलं परमिट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. भारतीय लायसनवाल्याला ते देणारं ऑफिस भारतातच आहे.

राहता राहिला पासपोर्ट हरवण्याचा प्रश्न, आणि तो मी टाळणार नाही, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. अमेरिकेत भारतीय पासपोर्ट हरवला तर पोलिसात तक्रार, वकिलातीत नव्या पासपोर्टाचा अर्ज किंवा परतण्यापुरता आपत्कालीन दाखला, आणि व्हिसा मात्र परत आल्यावर इथूनच नव्यानं काढायचा. त्रास आहेच. पण देश सोडायला व्हिसा लागत नाही, आणि आय-94 ची नोंद सरकारी साइटवरून केव्हाही पुन्हा छापून घेता येते. त्रास निभावण्यासारखा आहे.

उलट, काहीच जवळ न ठेवता फिरायला जाणं हे जास्त चुकीचं. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं आपल्या नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगला पाहिजे, असं अमेरिकेचा कायदा 1952 पासून सांगतो. इतकी वर्षं त्याकडे फार कोणी लक्ष दिलं नाही. 2025 पासून त्या सरकारनं नोंदणीचे नियम पुन्हा कसून लावायला घेतले आहेत. व्हिजिटरसाठी तो कागद म्हणजे आय-94. किती घरांत आईबाबांना हे सांगितलं जातं? रोज सकाळी बागेत जाणाऱ्या बाबांच्या खिशात मोबाइल असतो, घराची किल्ली असते, खडीसाखर असते. आय-94 नसतो. मुलानं स्टेट आयडीच्या अपॉइंटमेंटसाठी जितका वेळ घालवला, त्याच्या दहाव्या हिश्शात हा कागद छापून, घडी करून, पासपोर्टच्या झेरॉक्ससकट बाबांच्या पाकिटात घालता आला असता.

आणि जिथे मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो तिथे तो न्यावा. गळ्यातल्या पाऊचमध्ये घालून न्यावा. चारधाम यात्रेला जाताना या पिढीनं आतल्या खिशात पैसे सांभाळले आहेत. एक पासपोर्ट तिला दुकानापर्यंत सांभाळता येणार नाही, हे मी मानत नाही. मुलं आईबाबांना जरा जास्तच लहान समजायला लागली आहेत.

आपण स्वतः पाहुण्यांशी कसं वागतो, तेही बोलून टाकू. आधार कार्ड हे रहिवाशाचं कार्ड आहे. 2016 च्या कायद्यानुसार अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला माणूस रहिवासी. ई-टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला एका कॅलेंडर वर्षात 180 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. थोडक्यात, पर्यटकानं आधार काढावं अशी आपल्या सरकारचीही अपेक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी मुलांना 2019 पासून ही 182 दिवसांची अट नाही. पण तिकडे जन्मलेल्या, तिकडचा पासपोर्ट असलेल्या नातीला ती आहे.

मग ही नात एकटी महाराष्ट्र बघायला निघते आणि एखाद्या तालुक्याच्या गावी लॉजवर पोचते, तेव्हा काउंटरवरचा माणूस काय म्हणतो? ‘आधार?’ ती अमेरिकेचा पासपोर्ट देते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड देते. तो दोन्ही उलटसुलट करून बघतो. परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांत सरकारला कळवायची असते, ते काम त्याला माहीत नसतं किंवा नको असतं. म्हणून सोपं उत्तर: रूम नाही. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, एकटी मुलगी, आजोबांचं गाव तिथून तासाभरावर. अमेरिकेतल्या त्या गल्ल्यावरच्या मुलीला नावं ठेवायची तर याला आधी ठेवा. तिच्या हातून बाटली राहिली, याच्या हातून मुलगी रात्री रस्त्यावर राहिली.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे एकच आहे. पाहुण्याचा पासपोर्ट हे पूर्ण ओळखपत्र आहे, हे काउंटरवर बसलेल्या माणसाला शिकवा. लॉजच्या परवान्याचं नूतनीकरण करताना पोलीस ठाण्यानं मालकाला परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद करून दाखवायला लावावी. करता आली नाही तर तिथेच शिकवावी, अर्ध्या तासाचं काम आहे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपतीच्या कार्यक्रमात, नाटकाच्या मध्यंतरात, दहा मिनिटं यासाठी काढावीत. त्या सभागृहात निम्म्या खुर्च्यांवर व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबाच बसलेले असतात. त्यांना माइकवरून मराठीत सांगा: आय-94 जवळ ठेवा, कुठल्याही पडद्यावर ‘सिटिझन’ शब्द दिसला की हात मागे घ्या, आणि मुलानं ‘इथे सही कर’ म्हटलं तर आधी वाचून दाखवायला सांगा.

डीएमव्हीची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली असेल, तर ती आजच रद्द करा. वेबसाइटवर तेवढं बटण असतं.